निवासाचे मोजमाप : परदेशवास आणि नागरिकत्वाची पात्रता

कोरमंगला हे मूळचे बेंगळूरच्या दक्षिणपूर्वेकडील खेडे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याची आखीव वसाहत झाली आणि पुढे संगणक व्यवसायामुळे परदेशाशी नित्याचा संबंध असणारी अनेक कुटुंबे तेथे स्थायिक झाली. या वसाहतीच्या आठव्या ब्लॉकमध्ये, ऐंशी फुटी रस्त्यावर, प्रादेशिक पारपत्र कार्यालय आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या नागरिकास पारपत्र देण्याचे काम जसे अशा कार्यालयाचे, तसेच परकीय नागरिकत्व स्वीकारलेल्या माणसाचे जुने भारतीय पारपत्र जमा करून घेण्याचेही. मात्र तोच माणूस काही वर्षांनी परतला आणि पुन्हा भारताचे नागरिकत्व मागू लागला, तर त्याची वाट या कार्यालयातून जात नाही. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो आणि तेथे त्याच्या जन्माच्या व कुळाच्या पुराव्याबरोबरच एक हिशेब मागितला जातो : अर्जापूर्वीचा किती काळ भारतात गेला आणि किती भारताबाहेर?

हा हिशेब वरवर कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे ‘आपला माणूस’ कोणास म्हणावे, यासंबंधीची एक बदलत गेलेली कल्पना आहे. परदेशी राहून आलेल्या माणसास समाज अथवा राज्यसंस्था कोणत्या कसोटीवर परत स्वीकारते, याचा इतिहास पाहिल्यास तीन कसोट्या क्रमाने पुढे आलेल्या दिसतात : आचाराची शुद्धी, परतण्याचा हेतू आणि दिवसांची गणना. यांपैकी तिसरीने दुसरीस बऱ्याच अंशी मागे सारले असून, त्यात निश्चितता मिळाली तसे काही गमावलेही आहे.

पहिली कसोटी राज्यसंस्थेची नव्हे, ज्ञातिसंस्थेची होती. समुद्रगमन कलिवर्ज्य मानणाऱ्या धर्मशास्त्राच्या आधारे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात विलायतेहून परतलेल्यांस प्रायश्चित्त घ्यावे लागे; न घेतल्यास पंक्तिव्यवहार बंद होई. या व्यवस्थेत परदेशातील वास्तव्य किती वर्षांचे होते, हा मुख्य प्रश्न नव्हता. समुद्र ओलांडला की दोष लागे आणि विधी केला की तो फिटे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेस निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेले भाषण या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू, अशा आशयाची ग्वाही त्यांनी त्या भाषणात दिली होती. १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या भाषणाचा तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने विशेष हा, की त्यात शुद्धीच्या कसोटीस हेतूच्या कसोटीने उत्तर दिलेले आहे. परतल्यावर प्रायश्चित्त घेण्याऐवजी जाण्यापूर्वीच परतण्याचा निश्चय जाहीर करावयाचा, आणि तोच आपल्या सदस्यत्वाचा पुरावा मानण्याची मागणी करावयाची, असे त्याचे स्वरूप आहे.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने आरंभी हीच दुसरी कसोटी स्वीकारली. अनुच्छेद ५ मध्ये मध्यवर्ती शब्द आहे तो ‘अधिवास’. अधिवास म्हणजे केवळ राहणे नव्हे. कायमचे राहण्याच्या हेतूने राहणे. घटनेच्या प्रारंभापूर्वी सलग पाच वर्षे भारतात सामान्यतः निवास, ही अट त्या अनुच्छेदात आहे. परंतु ती अधिवासाच्या जोडीने येते, त्याच्या जागी नव्हे. याचा परिणाम १९९१ च्या लुई दे राएत खटल्यात दिसला. १९३७ पासून भारतात राहिलेल्या या बेल्जियन धर्मोपदेशकाचा नागरिकत्वाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. परकीय पारपत्रावर आणि निवासाच्या परवान्यांवर दीर्घकाळ राहिल्याने कायम राहण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. अर्धशतकाहून अधिक काळाचा निवासही हेतूवाचून अपुरा ठरला.

उलटपक्षी, हेतूचा हा विचार फाळणीच्या संदर्भात मात्र फार काळ टिकला नाही. अनुच्छेद ७ नुसार १ मार्च १९४७ नंतर भारतातून पाकिस्तानच्या प्रदेशात ‘स्थलांतर’ केलेली व्यक्ती नागरिक मानली जात नाही. स्थलांतर म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये शन्नो देवी खटल्यात कायम राहण्याचा हेतू आवश्यक मानला होता. १९६६ मध्ये कुलाथिल मम्मू खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो अर्थ फिरविला. केरळातून अल्पवयात कराचीस गेलेल्या मुलाचा हा प्रश्न होता. कायमच्या हेतूची आवश्यकता नाही. स्वेच्छेने गेलेला आणि विशिष्ट कामापुरता, अल्प व मर्यादित काळापुरता न गेलेला माणूस स्थलांतरित होय, असे न्यायालयाने ठरविले. मन कोठे होते यापेक्षा जाणे कशासाठी आणि किती काळासाठी होते, हे महत्त्वाचे ठरले. १९३६ पर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती, आणि नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव तेथील एका जुन्या शाळेस आहे. जे शहर एका पिढीस आपल्याच इलाख्यातील होते, तेथील वास्तव्य पुढील पिढीस ‘परदेशवास’ म्हणून मोजले गेले. सरहद्द माणसाने ओलांडली, की सरहद्दीने माणसास ओलांडले, हा प्रश्न या गणनेत मावत नाही.

इतर देशांत राहणाऱ्यांसाठी घटनेने अनुच्छेद ८ मध्ये वेगळी व उदार वाट ठेवली. अविभाजित भारतात स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म झाला असल्यास, तेथील भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिक होता येई. भारतात एक दिवसही राहण्याची अट नव्हती. वर्ध्यात जन्मलेले, पहिल्या महायुद्धापूर्वी देश सोडून गदर चळवळीत गेलेले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगो येथे कृषिशास्त्राचे अध्यापन केलेले पांडुरंग खानखोजे यांच्या पिढीचे परदेशवास आठवले, म्हणजे या औदार्याचे कारण कळते. त्यांच्यासारख्यांची अनुपस्थिती ही देशत्यागाची नव्हे, तर देशसेवेची खूण होती. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलेल्यास मात्र अनुच्छेद ९ ने हा मार्ग बंद केला. गोव्याबाबतही उपस्थितीऐवजी मूळ पाहिले गेले. १९६२ च्या गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेशानुसार २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म झालेली व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत पूर्वीचे नागरिकत्व राखण्याची लेखी घोषणा करणारे तेवढे वगळले. येथेही दिवसांची मोजणी नव्हती, निवड होती.

दिवसांची मोजणी येते ती १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने. आरंभी ती सौम्य होती. भारतीय मूळ असलेल्या आणि भारतात राहणाऱ्या व्यक्तीस नोंदणीसाठी अर्जापूर्वी सहा महिन्यांचा निवास पुरे. देशीयकरणासाठी, म्हणजे मूळचा संबंध नसलेल्या परकीयास, अर्जापूर्वीचे बारा महिने आणि त्याआधीच्या सात वर्षांपैकी चार वर्षे भारतात घालविणे आवश्यक होते. याच कायद्याच्या कलम १० मध्ये विरुद्ध दिशेची तरतूद आहे. देशीयकरणाने अथवा काही प्रकारच्या नोंदणीने नागरिक झालेली व्यक्ती सलग सात वर्षे भारताबाहेर सामान्यतः राहिली, तर तिचे नागरिकत्व काढून घेता येते. जन्माने नागरिक असलेल्यास हे कलम लागू नाही. तो पन्नास वर्षे बाहेर राहिला तरी केवळ तेवढ्याने त्याचे नागरिकत्व जात नाही. म्हणजे एकाच लांबीच्या परदेशवासाचे मोल, माणूस कोणत्या दाराने आत आला यावर ठरते.

कलम १० मधील अपवाद या दृष्टीने विशेष बोलके आहेत. परदेशी शिक्षणसंस्थेत विद्यार्थी असलेला, भारतातील शासनाच्या किंवा भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सेवेत असलेला, अथवा दरवर्षी वकिलातीत नागरिकत्व टिकविण्याचा हेतू नोंदविणारा माणूस यातून सुटतो. विद्या आणि शासकीय सेवा यांसाठीची अनुपस्थिती उपस्थितीसारखीच मानली गेली. व्यापार, मजुरी किंवा आजारी नातलगाची शुश्रूषा यांसाठीची मानली गेली नाही. आणि हेतू हा शब्द येथे उरला असला, तरी तो वर्षातून एकदा नोंदवहीत लिहावयाचा मजकूर झाला.

पुढील दोन दुरुस्त्यांनी मोजणी कडक केली. १९८६ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची पाच वर्षे झाली. देशीयकरणासाठी चार वर्षांची नऊ, तीही बारा वर्षांच्या अवधीतून. १९८५ चा आसाम करार आणि बांगलादेश, श्रीलंका येथून येणाऱ्यांविषयीची चिंता हे त्यामागील कारण होते. पूर्व सीमेवरील प्रश्नासाठी वाढविलेली मुदत अशा रीतीने पश्चिमेकडून घरी परतणाऱ्यासही लागू झाली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे आणि नवाची अकरा केली. मात्र याच दुरुस्तीने, लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीच्या शिफारशींनंतर, ‘भारताचे विदेशस्थ नागरिक’ हा नवा वर्ग निर्माण केला. त्यासाठी भारतात राहण्याची अट नाही. एकाच कायद्याने पूर्ण नागरिकत्वाचे दार अधिक दिवसांच्या मोबदल्यास बांधले आणि अपुऱ्या नागरिकत्वाचे दार दिवसांवाचून उघडले. या अपुरेपणात काय नाही, हेही पाहावयास हवे : मताधिकार नाही, घटनात्मक पदे नाहीत, शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशवासाच्या हिशेबात पणास लागते ते हे. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मसमुदायांपुरती देशीयकरणाची अकरा वर्षांची अट पाचावर आणली. मोजणीची पट्टी सर्वांस सारखी असते हा समज त्यामुळे उरला नाही.

कोरमंगलासारख्या वस्तीत परतलेल्या कुटुंबास प्रत्यक्षात लागू होते ते कलम ५ मधील आणखी एक कलमांश. जी प्रौढ व्यक्ती स्वतः, अथवा जिच्या आईवडिलांपैकी एक, पूर्वी स्वतंत्र भारताची नागरिक होती, तिला सात वर्षे थांबावे लागत नाही. अर्जाच्या लगतपूर्वीचे बारा महिने भारतात काढणे पुरते. पाच वर्षे विदेशस्थ नागरिक असलेल्यासही हीच मुदत आहे. ती लहान वाटते, पण तिची कठोरता सलगतेत आहे. समजा, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले एक मराठी जोडपे परतले आणि अकराव्या महिन्यात तिकडे शिकणाऱ्या मुलीच्या आजारपणासाठी आईस तीन आठवडे जावे लागले. घर, नोकरी, वृद्ध सासूसासरे सारे बेंगळुरात असूनही हिशेबाच्या वहीत त्या वर्षास खंड पडला. २०१५ पर्यंत कायद्यात अशा खंडास सूट नव्हती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कलम ५ मध्ये नवे उपकलम घातले : विशेष परिस्थिती असल्याची खात्री पटल्यास केंद्र शासन ती लेखी नोंदवून बारा महिन्यांच्या मुदतीत कमाल तीस दिवसांची सूट देऊ शकते, आणि हे दिवस निरनिराळ्या खंडांत असले तरी चालतात. तीस दिवस थोडे आहेत, आणि ते हक्काचे नसून शासनाच्या समाधानावर अवलंबून आहेत. तरीही माणूस घर न सोडता घरापासून दूर असू शकतो, ही गोष्ट कायद्याने येथे प्रथमच अंकांत मान्य केली.

हाच हिशेब पलीकडेही चालू असतो. अमेरिकेत नागरिकत्व मागणाऱ्या स्थायी निवाशास सामान्यतः पाच वर्षांचा सलग निवास आणि त्यांपैकी निम्मा काळ प्रत्यक्ष उपस्थिती दाखवावी लागते. सहा महिन्यांहून दीर्घ अनुपस्थितीने निवास खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते आणि त्याचे निरसन अर्जदारास करावे लागते. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण पाच वर्षांच्या मार्गात ४५० दिवसांची आणि अखेरच्या वर्षात ९० दिवसांची मर्यादा आहे. त्यामुळे आईवडिलांच्या आजारपणासाठी बेंगळुरास येऊन राहिलेल्या मुलाचे दिवस तिकडे वजा होतात, आणि मुलांसाठी तिकडे गेलेल्या आईचे दिवस इकडे. कुटुंबाचे कर्तव्य दोन्ही वह्यांत खर्चाच्या बाजूस पडते.

दिवसांची मोजणी निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. हेतूची कसोटी अधिकाऱ्याच्या मर्जीस वाव देते, शुद्धीची तर अपमानासही. पारपत्रावरील शिक्के गरिबाचे आणि श्रीमंताचे सारखेच वाचता येतात. परंतु जे मोजता येते तेच नाते, असे मानू लागल्यावर आनंदीबाईंच्या ग्वाहीसारख्या विधानास कायद्यात जागा उरत नाही. परदेशवासाच्या मराठी आत्मकथनांकडे आणि पत्रांकडे पाहताना तौलनिक अभ्यासकाने हे लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल. अशा लेखनात वारंवार येणारी परतण्याची भाषा केवळ स्मरणरंजन नसते. सदस्यत्वाचा दावा मांडण्याची ती जुनी रीत आहे, आणि एके काळी राज्यघटनेनेही ती ओळखली होती.

शहाजीराजांना सतराव्या शतकात बेंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून या शहरात मराठी बोलणारी घराणी आहेत. त्यांच्या निवासाचे दिवस कोणी मोजले नाहीत. राहता राहता ती तेथली झाली. त्याच शहरात आज परतून आलेल्यास बारा महिन्यांचा ताळेबंद जुळवावा लागतो, आणि तो जुळला तरच कोरमंगलाच्या त्या कार्यालयात भारतीय पारपत्रासाठी पुन्हा अर्ज करता येतो.