जाते, रेडिओ आणि सोन्याची तबकडी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप मंडळाच्या अध्यक्षाबाईंनी धाडला, तेव्हा मी म्हटले, “बाई, मला गाण्यातला ‘सा’ देखील कळत नाही. मी काय लिहू?” त्या म्हणाल्या, “कळत नसेल, पण ऐकले तर आहे ना? तेच लिहा.” म्हणून पारशिवनीसारख्या गावात बसून आम्ही बायकांनी जगाचे गाणे कसकसे ऐकले, त्याचा हा लहानसा इतिहास यथामती मांडते.

माझ्या लहानपणी गाणे ऐकायला कुठे जावे लागत नसे. पहाटे जात्यावरच्या ओव्या असत. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी आणि डब्यातली खिरापत ओळखण्याची चढाओढ चाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने तर घरोघरी होती. मात्र चार पुरुषांपुढे घरंदाज बाईने गळा मोकळा करावा, हे कुणाला खपत नसे.

म्हणूनच नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीची माणसे कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठी आली, तेव्हा यंत्रापुढे गायला आल्या त्या नाटकांतल्या आणि मैफलींतल्या स्त्रिया; ज्यांचे गाणे समाजाला हवे होते, पण शेजार नको होता. त्यांतल्या गौहरजान यांची कीर्ती देशभर झाली. तीनेक मिनिटांत चीज आटोपायची आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगायचे, अशी त्यांची रीत. तबकड्या तयार होत जर्मनीत. तिथल्या कारागिरांना गाणारीचे नाव कळावे, हा त्यातला हेतू. पुढे हिराबाई बडोदेकर यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि बाईच्या गाण्याला घरंदाज श्रोत्यांत मान मिळवून दिला.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. आमच्या आळीत रेडिओ आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, शेजारच्या घरी. त्याचा परवाना दरवर्षी पोस्टातून काढावा लागे. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना सिनेमातली गाणी मुळीच पसंत नव्हती. त्यांच्या काळात ती आकाशवाणीवर जवळजवळ बंद झाली. मग श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाअखेर तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि सरकारला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. पण केसकरांच्या आग्रहाचे फळही आम्हाला मिळाले. शनिवारी रात्री शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागे. कधी मैहरचा सरोद, कधी मद्रासची वीणा. ज्या प्रांतांची नावे भूगोलात पाठ केली होती, त्यांचे आवाज ओसरीवर बसून ऐकू येऊ लागले.

आता एक गोष्ट सांगते, जी आजवर कुणाला सांगितली नाही. सणाचे दळण होते, म्हणून आजीचे जाते उजाडल्यावरही चालू होते. शेजारी रेडिओवर माझे आवडते गाणे लागले. मी आतून ओरडले, “आजी, चूप बस ना! रेडिओ आयकू येत नाही.” आजी चूप झाली. जाते फिरतच राहिले, पण ओवी थांबली. त्यानंतर मी घरात असताना ती कधी गायली नाही. पुढे गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि आजीही गेली.

ही गोष्ट पुन्हा आठवली ती परवा, नातवामुळे. अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकात तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली. तीत पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस नमुने आहेत, आणि पंचावन्न भाषांतल्या अभिवादनांत आपली मराठीही आहे. हिंदुस्थानातून निवड झाली एकाच गाण्याची: गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ तारखेला केसरबाई वारल्या. आज दोन्ही याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोहोचली आहेत.

नातवाने त्या तबकडीवरचे सगळे संगीत मोबाइलवर ऐकवले. जर्मनीचे बाख, जावाचे गमेलान, बल्गेरियातील वाल्या बाल्कान्स्का यांची खडी हाक. भाषा एकही कळली नाही. पण पेरू देशातल्या एका कोवळ्या मुलीचे लग्नगीत लागले आणि माझा हात थांबला. वाद्य नाही, साथ नाही, एकटा बारीक आवाज. अजाण वयात लग्न लावून दिल्याची तक्रार ती करते, असे नातवाने वाचून दाखवले. हे तर आमच्या जात्यावरचेच दुःख! मी नाव विचारले. तो म्हणाला, “आजी, तिचे नाव कुठे लिहिलेच नाही.”

निदान तिचा आवाज तरी उरला. माझ्या आजीचा तोही नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी हे काम वेळेवर ओळखले. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गावही नोंदवले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गौहरजानना आपले नाव स्वतः सांगता आले. आपल्या आज्या, आत्या, मावश्या ते सांगणाऱ्या नव्हत्या. ते दुसऱ्या कुणी तरी लिहावे लागते.

भगिनींनो, जगाचे गाणे जरूर ऐका. मला तर म्हातारपणी त्याचा छंदच लागला आहे. पण येत्या कोजागरीला मंडळात एक वही ठेवावी, अशी माझी विनंती आहे. जिला जे येते, ओवी असो, भुलाबाईचे गाणे असो की पाळणा, तिने ते म्हणावे. नातवंडांनी ते मोबाइलवर घ्यावे, आणि वहीत तिचे नाव व माहेरचे गाव लिहावे.

पहिल्या पानावर मी माझ्या आजीचे नाव लिहीन. तिच्या ओव्यांपैकी मला दोनच आठवतात. त्या बेसूर का होईना, म्हणून दाखवीन. त्या वेळी मात्र कुणी मला चूप बस म्हणू नये!