जर्मन बोल्ट, लंडनी दस्ता

राधानगरीच्या वर, घाटमाथ्याला लागून दाजीपूरचं रान आहे. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्याआधी हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. आज ज्या गव्याचा फोटो मिळाला की पर्यटक खूश होऊन परततात, त्याच्यासाठी तेव्हा हाका उठायचा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, आणि कारवीच्या दाटीत तो नजरेला पडतो तेव्हा तुमच्यात आणि त्याच्यात फारसं अंतर उरलेलं नसतं. पहिली गोळी वाया गेली तर दुसरी किती लवकर नळीत जाते, पावसानं फुगलेलं लाकूड नेम हलवतं का, दणका खांद्यात बसतो की गालफडात, हे प्रश्न अशा ठिकाणी जिवाशी येतात.

बोल्टच्या शिकारी रायफलीचं जे रूप जगभरचे शौकीन ‘क्लासिक’ म्हणून डोक्यावर घेतात, ते असल्याच प्रश्नांनी घडवलं. अक्रोडाचा सडपातळ दस्ता, त्याची सरळ वरची कड, पुढच्या टोकाला काळं शिंग किंवा आबनूस, मुठीच्या जागी बारीक खवल्यांची नक्षी, मऊ काळपट नळी आणि खाली वळवलेली बोल्टची दांडी. पाहणाऱ्याला वाटतं, कुणा कलावंतानं एका बैठकीत हे रेखाटलं असावं. प्रत्यक्षात सैनिक, कारखानदार, लंडनचे बंदूकवाले आणि हिंदुस्थान-आफ्रिकेतल्या रानांत घाम गाळणारे शिकारी यांनी मिळून ते पाऊण शतकात जुळवत आणलं, आणि जुळवताना सुंदर दिसण्याचा विचार त्यातल्या फार थोड्यांनी केला.

सुरुवात शिकारीत नाही, लढाईत आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजानं ठासावी लागे. आडवं पडून ते काम नीट होत नाही, आणि उभा राहिलेला शिपाई शत्रूला आयता सापडतो. योहान निकोलाउस फॉन ड्रायझे या जर्मन कारागिरानं मागून भरायची बंदूक केली. दाराची कडी सरकवून खाली पाडावी, तसा लोखंडी दांडा पुढं सरकवून वळवला की नळीचं मागचं तोंड बंद. प्रशियानं ती १८४१ साली स्वीकारली आणि १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात साऱ्या युरोपला तिची किंमत कळली. प्रशियाचे शिपाई झोपून गोळ्या भरत होते, ऑस्ट्रियाचे उभे राहून.

या कडीला पूर्णत्व दिलं ओबर्नडॉर्फ गावच्या पाउल माउझरनं. भाऊ विल्हेल्मबरोबर केलेली त्याची पहिली यशस्वी रायफल १८७१ ची. पुढची सत्तावीस वर्षं तो त्याच एका यंत्रणेचा पिच्छा पुरवत राहिला. १८९८ साली जर्मन सैन्यानं घेतलेल्या त्याच्या रायफलीत बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम कान आहेत. दांडी वळवली की ते काडतुसाच्या अगदी मागे खाचेत बसतात आणि स्फोटाचा सगळा जोर झेलतात. ते तुटलेच तर मागे तिसरा कान राखीव. काडतूस फुटून गरम वायू मागं आलाच तर तो बाजूला जावा म्हणून बोल्टला भोकं. आणि सर्वांत महत्त्वाचा तो बाजूचा लांब पोलादी पंजा. मॅगझीनमधून काडतूस वर आलं की हा पंजा त्याची कड पकडतो, आणि रिकामं टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. रायफल तिरकी असो की उलटी, काडतूस मध्येच निसटत नाही. घाबरलेला माणूस बोल्ट अर्धवटच ओढून पुन्हा ढकलतो आणि एका काडतुसामागे दुसरं अडकवून बसतो. हा पंजा नेमकी ती चूक होऊ देत नाही. माझ्या मते गेल्या सव्वाशे वर्षांत शिकारी रायफलीच्या यंत्रणेत याहून मोलाची भर कुणी घातलेली नाही. बाकीच्या बहुतेक सुधारणा कारखान्याचा खर्च वाचवण्यासाठी झाल्या.

आता गंमत पाहा. इंग्रजांच्या सैन्याकडे स्वतःची ली-एन्फील्ड होती, झटपट चालणारी आणि चिखलाला न जुमानणारी. पण तिचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे फार जोरदार काडतुसं तिला झेपत नाहीत. शिवाय तिचा दस्ता दोन तुकड्यांचा, पुढचं लाकूड वेगळं आणि मागचं वेगळं, मध्ये लोखंड. माउझरला एकसंध लाकूड चालतं. म्हणून लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीनं १८९८ च्या सुमारास माउझरशी करार केला आणि ओबर्नडॉर्फची यंत्रणा आणून तिच्यावर इंग्लिश नळी आणि इंग्लिश दस्ता चढवायला सुरुवात केली. मोठ्या काडतुसांसाठी लांब यंत्रणाही खास बनवून घेतली. १९११ साली रिग्बीचं .४१६ आलं, १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडचं .३७५ मॅग्नम. जेफरी, वेस्टली रिचर्ड्स यांनीही तोच रस्ता धरला. साहेबाच्या हातातल्या लंडनी रायफलीचं काळीज असं जर्मन होतं.

दस्त्याचं रूप इथंच ठरलं. सैनिकी रायफलीचं लाकूड जवळजवळ नळीच्या तोंडापर्यंत जायचं. संगिनीच्या झटापटीत आणि तापलेल्या नळीपासून हात वाचवायला ते हवं; शिकाऱ्याला चार गोळ्यांच्या वर काम नसतं. लंडनवाल्यांनी लाकूड निम्म्यावर कापलं. कापलेल्या टोकाला उघडे रेशे राहतात, तिथून पाणी शिरतं आणि लाकूड फाटतं, म्हणून शिंगाची किंवा आबनुसाची टोपी. मुठीच्या खाली पोलादी झाकण, त्याच कारणासाठी. पट्टा अडकवायची कडी सैनिकी रायफलीत पुढच्या लाकडाला असते. जबर दणक्याच्या रायफलीत ती मागं उसळून डाव्या हाताची बोटं सोलते. म्हणून ती हाताच्या पुढं, थेट नळीवर गेली. नळीवर लोखंडी वळ्यात बसवलेली ती कडी आज क्लासिक रूपाची खूण मानतात आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मोजतात. मूळ कारण सोललेली बोटं.

दस्त्याची वरची कड सरळ आणि जराशी खाली का? कारण नेम उघड्या माशीनं धरायचा होता. गाल लाकडाला टेकताच डोळा आपोआप मागच्या खाचेतून पुढच्या माशीवर जावा, शोधाशोध नको. मागे उभ्या पोलादी पानाला रुंद व्ही आकाराची खाच, त्याच्या जोडीला लांबच्या पल्ल्यासाठी घडीची पानं, आणि पुढं हस्तिदंताचा मणी, कारण संध्याकाळच्या झाडाखाली काळी माशी काळ्या गव्यावर दिसत नाही. कड सरळ असली की दणक्याला लाकूड गालावर वर उसळत नाही, मागं सरकतं.

लाकूड अक्रोडाचंच का, याला सह्याद्रीत राहणाऱ्याला फार समजावावं लागू नये. जून ते सप्टेंबर दाजीपूरकडे जो पाऊस पडतो त्यात घराची दारं अडकतात. दस्ता तसा फुगला तर नळीवर दाब येतो आणि काल इथं लागलेली गोळी आज वीतभर बाजूला जाते. अक्रोड त्यातल्या त्यात आकार धरून राहतो, वजनाला बेताचा असतो, दणका सोसतो आणि बारीक कोरणीत त्याचे कण झडत नाहीत. त्यावर जवसाचं तेल हातानं चोळत अनेक दिवस जिरवायचं. ओरखडा पडला तर पुन्हा तेवढ्याच जागी तेल चोळता येतं. नळीचा काळा रंग हाही खरं तर रंग नाही. क्षारांचं पाणी लावून पोलादावर मुद्दाम गंज आणायचा, उकळत्या पाण्यात घालून तो काळा करायचा, वरचं खरवडून काढायचं आणि पुन्हा गंज आणायचा. दिवसेंदिवस हे केल्यावर जो पातळ काळा थर उरतो तो चमकत नाही, तेल धरून ठेवतो आणि पुढचा गंज लांबवतो. रानात चकाकणारी नळी म्हणजे जनावराला आगाऊ निरोप.

हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांचा ओढा मात्र दुनळी रायफलीकडे अधिक. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून त्या जुळवायला कसबी कारागीर लागे, आणि किंमत बोल्टच्या रायफलीच्या कितीतरी पट. बोल्टची रायफल जंगलखात्याचा अधिकारी, चहामळेवाला, रेल्वेचा इंजिनिअर यांची. जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली भेट मिळाली ती रिग्बीची .२७५, माउझर यंत्रणेची. म्हणजे आज जे रूप खानदानी म्हणून मिरवतं ते आपल्या काळात मध्यमवर्गीयच होतं.

कोल्हापुरात तर शिकारीचा शौक बंदुकीवाचून अडत नव्हता. शाहू महाराज आणि त्यांच्यामागून राजाराम महाराज यांच्या काळात काळविटांवर पाळीव चित्ते सोडले जात; देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. गुन्हेगार म्हणून हिणवल्या गेलेल्या फासेपारध्यांना शाहू महाराजांनी आसरा आणि काम दिलं. फास आणि जाळं एवढ्यावर जनावर धरणारी ही माणसं. रायफलीच्या रेषांवर साहेबांनी पानंच्या पानं लिहिली. माग काढणाऱ्यांच्या आणि हाका घालणाऱ्यांच्या वाट्याला त्यात बहुधा एखादी ओळ आली.

सरकारी कायद्यानंही रूपावर हात फिरवला. सैन्याचं .३०३ काडतूस चोरवाटेनं बंडखोरांच्या हाती जाईल या धास्तीनं हिंदुस्थानात ते खासगी माणसाला बंद झालं. मग वेगळ्या मापाची काडतुसं आली, त्यातलं .३१५ म्हणजे मूळचं ऑस्ट्रियन सैन्याचं आठ मिलिमीटर. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं याच मापाची शिकारी रायफल काढली, ली-एन्फील्डच्या घडणीची. भारतातल्या परवानाधारकाला बोल्टची रायफल म्हणून ओळख आहे ती बहुधा हीच. हत्यार विश्वासू आहे, पण दोन तुकड्यांच्या दस्त्यामुळे तिची रेषा मध्येच तुटते. क्लासिकच्या पंगतीत तिला कुणी बसवत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं.

‘क्लासिक’ हे नाव मुळात लंडनचं नाहीच, अमेरिकेनं दिलेलं आहे. तिथल्या सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफील्ड माउझरवर इतकी बेतलेली होती की अमेरिकन सरकारला पेटंटपोटी माउझरला दोन लाख डॉलर मोजावे लागले. थिओडोर रूझवेल्टनं तिला शिकारी दस्ता चढवून घेतला आणि १९०९ मध्ये ती आफ्रिकेला नेली. त्याचं शिकारवर्णन वाचून न्यूयॉर्कमधल्या सेमूर ग्रिफिन नावाच्या सुतारकाम करणाऱ्या माणसानं स्वतःच्या स्प्रिंगफील्डला तसा दस्ता कोरला. १९२३ साली त्यातून ग्रिफिन अँड हाऊ ही पेढी उभी राहिली. १९३६ साली विंचेस्टरनं मॉडेल ७० काढून ते रूप कारखान्यात आणलं. दुर्बीण आली तशी एक अडचणही आली. माउझरचा सुरक्षेचा खटका उभा फिरतो आणि दुर्बिणीला आपटतो; विंचेस्टरनं तो आडवा फिरवला. बोल्टची दांडी खाली दाबली गेली तीही दुर्बिणीखालून हात फिरावा म्हणून.

मग कॅलिफोर्नियात रॉय वेदरबी अवतरले. १९४५ नंतरच्या त्यांच्या रायफली म्हणजे उंच उचललेली दस्त्याची कड, पुढं तिरकं कापलेलं टोक, मध्ये पांढऱ्या पट्ट्या आणि आरशासारखी लकाकी. त्या काळच्या अमेरिकन मोटारींचे मागचे पंख आठवावेत. लोकांना ते आवडलं, इतर कारखान्यांनी नक्कल केली, आणि वीसेक वर्षांत डोळे दुखायला लागले. १९६८ मध्ये बिल रूगर यांनी मॉडेल ७७ काढली तेव्हा लेन ब्राउनेल या दस्ताकारानं तिला पुन्हा सरळ कड, साधं तेलकट लाकूड आणि बारीक खवले दिले. ती धो धो खपली. तोवर जे रूप नुसतं रायफलीचं होतं ते तेव्हापासून ‘क्लासिक’ झालं.

भारतात मात्र चर्चेची वेळच आली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर पडदा पडला, आणि ते उत्तम झालं. दाजीपूरचा गवा आज उसात शिरून शेतकऱ्याला रडवतो, पण आहे. १९७४ साली कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये संग्रहालय उघडलं, आणि संस्थानातली हत्यारं आणि पेंढा भरलेली जनावरं एकाच छपराखाली आली. लोकांची गर्दी वाघापाशी असते. कधी गेलात तर बंदुकांच्या कपाटापाशी जरा थांबा. नक्षी नंतर पाहा, आधी लाकूड कुठं संपतं, कडी कुठं आहे, कड सरळ आहे का ते पाहा.

बोल्टची यंत्रणा मात्र राधानगरी तालुक्यातून गेलेली नाही. त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ब्राँझपदक मिळवलं, या प्रकारातलं भारताचं पहिलं. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या होत्या. या खेळातल्या .२२ च्या रायफली ॲल्युमिनियमच्या सांगाड्यांच्या, स्क्रू-पट्ट्यांनी भरलेल्या, दिसायला ओबडधोबड. क्लासिक म्हणून त्यांना कुणी भिंतीवर टांगणार नाही. पण नियमानं त्यांत एका वेळी एकच काडतूस भरायचं असतं, आणि दर गोळीला बोल्ट हातानंच उघडून बंद करावा लागतो.