चित्राचा दर

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांची ओळख बाहेरच्या जगाला मुख्यतः दोन गोष्टींनी होते: एक डहाणूचा चिकू आणि दुसरी वारल्यांची पांढरी चित्रे. चिकूचा भाव रोज बाजारात पुकारला जातो. चित्राचा भाव कोणी, केव्हा आणि कसा ठरविला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज या भागातील काही तरुण संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर चित्रे काढून त्यांवर पोट भरू पाहत आहेत. पगारी नोकरी नाही, डोक्यावर मालक नाही. येईल ते काम घ्यावे, पुरे करून द्यावे आणि मोबदल्याची वाट पाहावी, असा हा स्वतंत्र धंदा. पुष्कळांना तो अगदी नवा वाटतो. आम्हांस तो तितकासा नवा वाटत नाही. ‘दर काय?’ हा प्रश्न या मातीत ऐंशी वर्षांपूर्वीच विचारला गेला होता, आणि तो इतिहास जाणून घेतल्याखेरीज आजच्या चित्रकाराची अडचण नीट उमगणार नाही.

मुळात हे चित्र विकण्यासाठी नव्हतेच. लग्न ठरले की कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, गेरूने लाल करायची, तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चेचून त्याचा कुंचला करायचा आणि सवाशिणींनी भिंतीवर चौक लिहायचा. चौक ‘काढणे’ नव्हे, ‘लिहिणे’. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, बाजूच्या लहान चौकात घोड्यावर स्वार झालेला पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावीत असे. चौक लिहिल्यावाचून लग्न पुरे होत नाही, अशी श्रद्धा. चौक लिहिणाऱ्या स्त्रियांचा मोबदला रुपयांत मोजला जात नसे. लग्नघरचा मान आणि लग्नघरचे अन्नपाणी हाच तो मोबदला. चित्रावर कोणाचे नाव नसे, आणि पुढल्या सारवणाखाली ते पुसले गेले तरी कोणाला हळहळ वाटत नसे.

पण याच लग्नाची दुसरी बाजू विसरता कामा नये. ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नाच्या खर्चासाठी नवरा मुलगा जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून कर्ज काढी आणि ते फेडण्यासाठी बायकोसह त्याच्या घरी राबू लागे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज सहसा फिटत नसे. भिंतीवर पालघट देवी समृद्धीचे दान देत उभी आणि तिच्यासमोर लग्न लागलेला तरुण दुसऱ्याच दिवशी वेठीला, असा तो संसार होता. वारली चित्रांविषयीच्या गुळगुळीत पुस्तकांतून तारप्याचा नाच भरपूर सापडतो. लग्नगडी क्वचितच सापडतो.

ही वेठ मोडली ती १९४५ मध्ये. त्या वर्षी २३ मे रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरीत आहे. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने ती भरविली होती. आमच्या काही वाचकांना लाल बावट्याचे नाव रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु इतिहास आवडीनिवडीवर चालत नाही. बिनमोबदला काम करायचे नाही, असे तेथे ठरले. त्याच पावसाळ्याअखेर गवत कापणीचा दर पुढे आला. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड व इतर वारली मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंनी हा सारा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मांडला आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या विषयापुरते सांगायचे, तर ‘माझ्या हाताच्या कामाला दर आहे आणि तो मी आधी ठरवीन’ हे वाक्य या भागात प्रथम उच्चारले गेले ते चित्राच्या नव्हे, गवताच्या संदर्भात.

योगायोग असा की, त्याच १९४५ मध्ये तिकडे मुंबईत गोव्याहून आलेल्या दीनानाथ दलाल या चित्रकाराने ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मुखपृष्ठे आणि कॅलेंडरे यांच्या बळावर चित्रकाराला नोकरीवाचून जगता येते, हे मराठी माणसाला दाखवून दिले. दलालांचे शहाणपण असे की, दुसऱ्यांच्या अंकांसाठी चित्रे काढता काढता ते स्वतःच अंकाचे मालक झाले. चित्र एकदाच काढले जाते, पण छापले जाते हजारो वेळा. त्या हजारांतला आपला वाटा कोणता, हा प्रश्न त्यांना त्यामुळे पुष्कळसा सोडविता आला. डहाणूच्या चित्रकारापाशी ना छापखाना होता, ना अंक. अक्षरओळखही अनेकांना नव्हती.

भिंतीवरचे चित्र कागदावर आले ते १९७० च्या दशकाच्या आरंभी. दुष्काळाचे दिवस होते. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्याआधी पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने बिहारच्या मिथिला भागात गेले होते. तेथील दुष्काळात स्त्रियांना कागद आणि रंग देऊन भिंतीवरची चित्रे विक्रीयोग्य करण्याचा प्रयोग त्यांनी केला होता. तोच प्रयोग त्यांनी डहाणूच्या गंजाड परिसरात आणला. कागद व पांढरा रंग आला, आणि त्यासोबत चित्रामागे पैसा आला. दुष्काळात खडी फोडण्याऐवजी चित्र काढून मजुरी मिळू शकते, ही कल्पनाच अद्भुत होती.

येथे एक गोष्ट घडली, तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. भिंतीवर लिहिणाऱ्या होत्या स्त्रिया. कागदावर काढून नाव मिळविले ते बहुतांशी पुरुषांनी. चौक हा विधी होता, तेव्हा तो सवाशिणींचा होता. चित्र हा धंदा झाला, त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठणे, दुकानदाराशी बोलणे, पावतीवर अंगठा उठविणे आले, तेव्हा तो पुरुषांचा झाला. कुणी कट करून हे केले असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांच्या हातून ही कला शतकानुशतके चालत आली, त्यांची नावे आपणापाशी नाहीत आणि ज्यांनी ती पन्नास वर्षे विकली त्यांची आहेत, एवढी नोंद इतिहासलेखकाने केली पाहिजे.

त्या नावांत पहिले नाव अर्थातच जिव्या सोमा म्हसे यांचे. जन्म १९३० च्या दशकात तलासरी तालुक्यातील धामणगावचा. वास्तव्य गंजाडजवळच्या कलंबीपाड्यात. बालपणी आई वारली तेव्हा मुलाने बोलणेच टाकले आणि तो धुळीत रेघोट्या ओढून मनातले सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. शेतमजुरी करणाऱ्या या माणसाने चौकाच्या चौकटीबाहेर पाऊल टाकले. मासेमारीचे जाळे, मुंग्यांची रांग, धावती आगगाडी, सारे त्यांच्या चित्रात आले, आणि देवतेवाचूनही चित्र उभे राहू लागले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्लंडचे रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांची चित्रे मांडली गेली. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकारच.

म्हसे यांच्यामुळे चित्राला नाव मिळाले, आणि नावामुळे दर. कलादालनातले चित्र चित्रकाराच्या नावाने विकले जाते, बाजारातले कागदाच्या मापाने. एकाच पाड्यावरचे दोन चित्रकार, एकाचा कागद सहीने तोलला जातो तर दुसऱ्याचा फूटपट्टीने, हा भेद तेव्हापासून आजवर टिकून आहे. पुस्तकांच्या चित्रांनी त्याला थोडा छेद दिला. चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ मध्ये काढलेल्या ‘डू!’ या मुलांच्या पुस्तकात रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे यांची वारली चित्रे त्यांच्या नावानिशी आली. २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल आणि गंजाडचे राजेश वांगड यांनी मिळून एक चित्रमालिका केली. छायाचित्र गिल यांचे, त्यावरचे रेखाटन वांगड यांचे, आणि कृती दोघांची.

यानंतर आला पडदा. तो काही एका दिवसात आला नाही. आधी डी.टी.पी.च्या दुकानांतून वारली आकृत्यांचे तयार संच आले. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, चार काड्या: ही आकृती संगणकाला इतकी सोपी की, जणू त्याच्यासाठीच बेतली असावी! मग लग्नपत्रिका, साड्या, उशांचे अभ्रे, दुकानांच्या पाट्या, सर्वत्र तारपा वाजू लागला. इंटरनेटवर अशी चित्रे जगातल्या कुठल्याही गावातून विकत घेता येतात. काढणारा गंजाडचा असलाच पाहिजे असे नाही. २०१० च्या दिवाळीत एका शीतपेयाच्या जाहिरातीत ही शैली झळकली, तेव्हा डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने हरकत घेतली. त्याच संस्थेच्या प्रयत्नांनी २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंदणी झाली. ही नोंदणी मोलाची खरी. पण ती नावाचे रक्षण करते, त्रिकोणाचे नव्हे. ‘वारली’ हे नाव न लावता कोणी तशा आकृत्या विकल्या, तर तिचा हात फारसा पोचत नाही.

मग पडद्यावर काम करणाऱ्या तरुणाला आधार कशाचा? त्याच्या स्वतःच्या चित्राचा. शैली साऱ्या जमातीची, पण त्याने रचलेले विशिष्ट चित्र त्याचे. १९५७ चा कॉपीराइट कायदा ते हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राखतो. मात्र याच कायद्याच्या सतराव्या कलमात एक खोच आहे. पैसे देऊन कोणी रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसला, तर हक्काचा पहिला मालक काढून घेणारा ठरतो. संगणकावरचे रेखाटन या शब्दांत बसते की नाही, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. चित्रकाराने वादापेक्षा दोन ओळी लिहून घ्याव्यात. एकोणिसाव्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्यास द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. आणि हक्क दिला तरी आपले नाव सांगण्याचा अधिकार सत्तावन्नाव्या कलमाने चित्रकाराकडेच राहतो. कागदावरचे मूळ चित्र एकदा दिले की ते गेलेले डोळ्यांना दिसते. फाईल दिली तरी ती आपल्यापाशीही राहते, म्हणून काही गेले असे वाटतच नाही. फसगत नेमकी येथे होते.

आता आमच्या घराकडे वळू. धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, नाताळचे शुभेच्छापत्र, गोशाळेचा देखावा, या सर्वांवर वारली आकृत्या काढण्याची हौस आमच्या वसई धर्मप्रांतातही पसरली आहे. हौस चांगलीच आहे. गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका यांनी साडीतली मरियामाता रंगविली तेव्हा त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला होता. पुण्याच्या आश्रमात राहून त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली आणि १९६७ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांचा गौरव बव्हंशी नंतरचा. तारप्याभोवती फेर धरलेले मेंढपाळ आज आम्हांला खटकत नाहीत, ही पालटलेली दृष्टी समाधानाचीच. परंतु ते मेंढपाळ कोणी काढले, हे स्मरणिकेच्या पानावर बहुधा आढळत नाही. छापखान्याचे बिल येते, जेवणावळीचे येते. चित्र मात्र ‘इंटरनेटवरून घेतले’ जाते, किंवा ओळखीच्या एखाद्या आदिवासी मुलाकडून ‘देवाचे काम’ म्हणून करवून घेतले जाते. देवाचे काम म्हणून मिस्सासाठी द्राक्षारस कोणी फुकट मागत नाही.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले आणि कार्डिनलांसमोर त्याचे कारण सांगताना त्या परिपत्रकाचा आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा एकत्र उल्लेख केला. चार शब्द टंकले की आता यंत्रच वारली चित्र काढून देते, आणि तेही फुकट. ज्यांच्या चित्रांवर यंत्र शिकले, त्यांना दर कोणी विचारला नाही. गवताच्या दरासाठी जमीनदारासमोर उभे राहता येत होते. येथे समोर कोण आहे हेच कळत नाही.

म्हणून जे समोर आहेत त्यांनी तरी, म्हणजे आम्ही, व्यवहार चोख ठेवावा. येत्या नाताळासाठी किंवा सणासाठी कोणा तरुणाकडून चित्र करवून घेणाऱ्या समितीने काम सुरू होण्याआधीच एक पत्र द्यावे. चित्र कोणते, ते कुठे आणि किती काळ वापरणार, मोबदला किती, त्यातला निम्मा आगाऊ, आणि नाव कोणत्या पानावर छापणार. दोघांच्या सह्या असल्या म्हणजे झाले. असे पत्र इंग्रजीतच हवे असे नाही. मराठीत लिहिलेले कायद्याला चालते.