कर्ता गेला, कोड उरला : डिझाइन पॅटर्नच्या शोधाचा छोटा इतिहास (थ्रेड)

आजचा विषय दुर्गांचा वा ताम्रपटांचा नाही; जेमतेम तीस वर्षांपूर्वीचा आहे. प्रश्न मात्र आपल्या परिचयाचा : कर्ता निघून गेला, रचना उरली, तिच्यामागील विचार कसा ओळखावा?

१९७७ साली वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर व सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' प्रसिद्ध केले. नगररचनेपासून खिडकीजवळच्या बैठकीपर्यंत २५३ पॅटर्न त्यात आहेत. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही कल्पना प्रोग्रामिंगमध्ये आणली. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडिस यांच्या ग्रंथाने २३ डिझाइन पॅटर्नना रूढ नावे दिली.

परंतु कोडमध्ये ते नाव लिहिलेले असतेच असे नाही. प्रोग्रामर नोकरी सोडतो, टिपणे हरवतात, आणि दुरुस्तीस बसलेला नवखा नकळत मूळ रचनाच मोडतो.

१९९६ मध्ये क्रेमर व प्रेशेल्ट यांनी 'पॅट' ही प्रणाली मांडली. सी प्लस प्लसच्या हेडर फाइलींतून क्लास व त्यांचे परस्परसंबंध काढायचे, ते प्रोलॉगमध्ये तथ्ये म्हणून नोंदवायचे. पॅटर्न म्हणजे नियम. अ‍ॅडॉप्टर, ब्रिज, कंपोझिट, डेकोरेटर, प्रॉक्सी या पाचांचाच शोध. काही मर्यादा वगळता सर्व उदाहरणे सापडली. मात्र दाखवलेल्यांपैकी सुमारे ४० टक्केच खरी होती. उरलेली माणसाने निवडून काढायची! (अभिलेखागारात बसलेल्यांना हे प्रमाण वाईट वाटणार नाही.)

नियम काटेकोर असला की किंचित बदललेला पॅटर्न निसटतो. २००६ मध्ये ग्रीसमधील त्सांतालिस व सहकाऱ्यांनी म्हणून वेगळी वाट धरली : प्रणाली आणि पॅटर्न दोन्ही आलेखरूपात मांडून त्यांच्या शिरोबिंदूंच्या साम्याला गुण द्यायचे. चाचणीसाठी घेतलेल्या प्रणालींत जेहॉटड्रॉ होती. साधनचिकित्सा शिकलेल्याने येथे थबकावे : जेहॉटड्रॉ मुळात गामा यांच्याच सहभागाने, पॅटर्नच्या वापराचा नमुना म्हणून घडली होती. सामान्य कोड इतका सुबोध नसतो.

आणि एक पेच तरीही उरला. 'स्टेट'मध्ये वस्तूची अवस्था पालटते तसे तिचे वर्तन पालटते; 'स्ट्रॅटेजी'मध्ये अनेक पद्धतींतून एक निवडली जाते. हेतू भिन्न, पण क्लासची आकृती हुबेहूब एकच. त्यामुळे त्सांतालिस यांचे साधन दोहोंना वेगळे करीत नाही. 'स्टेट-स्ट्रॅटेजी' असे जोडनाव देऊन निर्णय वाचणाऱ्यावर सोपवते.