युद्धपटांतले कमांडो आणि खरे कमांडो

एक उंच कडा आहे. खाली खवळलेला समुद्र, वर डोंगराच्या पोटात बसवलेल्या शत्रूच्या दोन अजस्र तोफा. मध्यरात्रीचा पाऊस कोसळतो आहे, आणि दोराला लोंबकळत पाच-सहा माणसे इंच इंच वर सरकत आहेत. त्यांतला एक कडे चढण्यात पटाईत, दुसरा सुरुंगाच्या दारूचा उस्ताद, तिसरा त्या मुलखाचा माहितगार. तोफा उडाल्या नाहीत, तर पलीकडच्या बेटावर अडकलेले दोन हजार सैनिक हकनाक मरणार! ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ हा चित्रपट १९६१ साली निघाला. तेव्हापासून जगभर लोक तो पाहत आले आहेत, आणि शेवट ठाऊक असूनही श्वास रोखून पाहतात.

हे नॅव्हरोन बेट मात्र नकाशात शोधू नका, सापडायचे नाही. अ‍ॅलिस्टर मॅक्लीन या कादंबरीकाराने ते कल्पनेने उभे केले. ग्रीसच्या त्या समुद्रात १९४३ साली खरी लढाई झाली ती लेरॉस बेटावर, आणि ती इंग्रज हरले. चित्रपटात तोफा समुद्रात कोसळतात. इतिहासात बेट जर्मनांच्या हाती गेले.

‘कमांडो’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांचा. घोड्यावर बसून, मोजकी माणसे घेऊन त्यांनी इंग्रजांना १८९९ ते १९०२ या युद्धात जेरीस आणले. पुढे १९४० साली इंग्रजांनी स्वतःच्या खास तुकड्यांना तेच नाव दिले. शत्रूकडून शिकावे ते असे! गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला यातले मर्म फोड करून सांगायला नको.

पण हे चित्रपट इतके आवडतात का? दुसरे महायुद्ध सहा वर्षे चालले. कोट्यवधी माणसे त्यात सापडली. साधा शिपाई महिनोन्‌महिने चिखलात बसून राही, आणि आपल्या बसण्याने युद्धाचे काही भले झाले की नाही, हे त्याला कधी कळत नसे. कमांडोपटात तसे नसते. एक पूल, एक तोफ, एक धरण, एवढेच काम. ते दोन-अडीच तासांत डोळ्यांदेखत पुरे होते. शिवाय प्रत्येकाच्या हातात एकेक कसब असते. सुतार, लोहार, गवंडी जमून घर उभे करतात, ते पाहत बसायला आपल्याला आवडते ना? त्यातलाच हा आनंद. माझ्या मते, प्रेक्षकाला गोळीबारापेक्षा हे कसबच जास्त धरून ठेवते. चित्रपट काढणाऱ्यांचा मात्र त्यावर पुरता विश्वास नसतो, म्हणून ते गोळीबार वाढवतात.

याचे उत्तम उदाहरण नॉर्वेतले आहे. हा उत्तर युरोपातला बर्फाळ देश जर्मनांनी १९४० साली व्यापला. तिथे र्युकान गावाजवळ, वेमोर्क येथे, दरीच्या काठावर एक कारखाना होता. त्यात ‘जड पाणी’ तयार होई. हे पाणी दिसायला साध्या पाण्यासारखेच. पण अणूची शक्ती मोकळी करण्याच्या प्रयोगांत जर्मन शास्त्रज्ञांना ते हवे होते. तेव्हा कारखाना मोडायचा, असे लंडनमध्ये ठरले.

१९४२ च्या ऑक्टोबरात चार नॉर्वेजियन तरुण हवाई छत्रीने जवळच्या उजाड पठारावर उतरले. महिन्याभराने त्यांच्या मदतीला इंग्रज सैनिक ग्लायडरांतून, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानांतून, निघाले. दोन्ही ग्लायडरे वादळी हवेत कोसळली. जे जिवंत सापडले, त्यांना जर्मनांनी कैदी म्हणून ठेवले नाही, ठार मारले. पकडलेल्या कमांडोंना जिवंत ठेवू नये, असा हिटलरचा हुकूमच होता. ग्लायडरांतला एकही जण परत गेला नाही. या प्रसंगाची कोणाला फारशी आठवण नाही. ज्या गोष्टीत काम फत्ते होत नाही, तिच्यावर चित्रपट निघायचा कसा?

पठारावरचे चौघे आता एकटे पडले. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, जवळचा शिधा संपलेला. खडकावरचे शेवाळासारखे दगडफूल खरवडून त्यांनी दिवस काढले. नाताळच्या सुमारास एक रेनडियर हाती लागले, तेव्हा कुठे पोटभर खायला मिळाले. हे असे चार महिने! पडद्यावर चार महिन्यांचे दोन क्षण होतात, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. धाडसाचा बहुतेक भाग वाट पाहण्यात असतो, आणि तेवढाच नेमका कापला जातो.

१९४३ च्या फेब्रुवारीत आणखी सहा जण उतरले. त्यांचा पुढारी योआखिम रॉनेबर्ग अवघ्या तेवीस वर्षांचा. २७ तारखेच्या रात्री नऊ जण निघाले. कारखान्याकडे जाणाऱ्या झुलत्या पुलावर पहारा होता; म्हणून ते दरीत उतरले, गोठलेली नदी ओलांडून पलीकडचा कडा चढले आणि आगगाडीच्या रुळांच्या कडेने फाटकाशी आले. फाटकाची साखळी कातरीने तोडली. तारांसाठी ठेवलेल्या अरुंद बोगद्यातून सरपटत रॉनेबर्ग आणि एक साथीदार आत शिरले. आत नॉर्वेचाच एक वयस्क कामगार रखवालीला होता.

आता ऐका हं. सुरुंग लावून झाले. वात मुद्दाम आखूड कापली, तीस सेकंदांची. एवढ्यात तो रखवालदार म्हणाला, माझा चष्मा कुठेतरी राहिला आहे, युद्धाच्या दिवसांत दुसरा मिळायचा नाही. आणि जीव मुठीत धरून आलेल्या त्या माणसांनी त्याचा चष्मा शोधून दिला! कोणी पटकथाकाराने हा प्रसंग लिहिला असता, तर आपण त्याला हसलो असतो. मग वात पेटली, रखवालदाराला पळायला सांगितले, आणि स्फोट झाला. तोही असा दबका, की जर्मन पहारेकऱ्यांच्या चटकन लक्षात आले नाही. जाताना एक इंग्रजी बंदूक मुद्दाम मागे टाकली होती. हे काम बाहेरच्या सैनिकांचे आहे असे जर्मनांना वाटावे आणि गावकऱ्यांवर सूड उगवला जाऊ नये, हा त्यातला हेतू. एकही गोळी झाडली गेली नाही. नऊच्या नऊ जण निसटले; त्यांतले पाच जण बर्फावरच्या घसरपट्ट्यांवर सुमारे चारशे किलोमीटर तुडवून स्वीडनला पोहोचले. रॉनेबर्ग २०१८ पर्यंत हयात होता.

१९६५ साली या हकिगतीवर ‘द हिरोज ऑफ टेलेमार्क’ हा चित्रपट आला. त्यात गोळीबाराला तोटा नाही. त्याआधी १९४८ साली नॉर्वेतच एक चित्रपट निघाला होता, आणि त्यात मोहिमेतल्या काही जणांनी स्वतःचीच कामे केली होती. शिक्षकमित्रांना सुचवावेसे वाटते: एकाच घटनेवरचे असे दोन चित्रपट मिळाले, तर मुलांना दोन्ही दाखवा, आणि कोणत्या चित्रपटात काय गाळले आहे, ते मुलांनाच हुडकू द्या.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. जर्मनांनी कारखाना दुरुस्त केला. मग अमेरिकन विमानांनी बाँब टाकले. त्यात नॉर्वेचे नागरिक मेले. अखेर उरलेले जड पाणी जर्मनीला न्यायचे ठरले. ते पिंपांत भरून आगगाडीच्या डब्यांसकट टिन सरोवरातल्या उतारूंच्या बोटीवर चढवायचे होते. ती बोट बुडवण्याचे काम क्नूट हाउकेलिड आणि साथीदारांवर आले. बोटीवर शेजारपाजारच्या गावांचीच माणसे असणार. यातून मिळणारा लाभ या किमतीच्या तोलाचा आहे का, असे त्यांनी लंडनला बिनतारी यंत्रावरून विचारले. उत्तर आले: बुडवा. गर्दी कमी असेल म्हणून रविवार निवडला. उतारूंना सावध करता येत नव्हते. एकाच्याही तोंडून शब्द फुटला असता, तर सगळे फसले असते. २० फेब्रुवारी १९४४ रोजी बोट खोल पाण्यात बुडाली. अठरा माणसे गेली. त्यांतली चौदा नॉर्वेचीच.

चित्रपटाचा नायक शेवटी बोटीवर जाऊन मुलांना वाचवतो. मूळच्या हकिगतीत असा कोणी नायक नव्हता. पुढे इतिहासकारांनी कागदपत्रे तपासली, तेव्हा जर्मन शास्त्रज्ञ अणुबाँबपासून फार दूर होते असे दिसून आले. हाउकेलिडला हे त्या रविवारी ठाऊक असणे शक्य नव्हते.

आता थोडे घराजवळ येऊ. नॅव्हरोनचा कडा चढणारे ग्रेगरी पेक आणि डेव्हिड निव्हन हेच दोघे नट पुढे गोव्यात आले, ते ‘द सी वुल्व्हज’ या १९८० च्या चित्रपटासाठी. यातली कथा खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. युद्ध पेटले तेव्हा तीन जर्मन आणि एक इटालियन अशी चार मालवाहू जहाजे मुरगावच्या बंदरात आश्रयाला आली होती. गोव्यावर पोर्तुगालचा अंमल, आणि पोर्तुगाल तटस्थ. ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरच्या चोरट्या बिनतारी यंत्रावरून इंग्रजी जहाजांची बातमी पाणबुड्यांना जाते, असा इंग्रजांना संशय होता. तटस्थ बंदरात सैन्य पाठवणे शक्य नव्हते. म्हणून कलकत्त्याच्या कचेऱ्यांत काम करणारे काही मध्यमवयीन इंग्रज निवडले गेले. ते हौशी घोडदळाचे सभासद होते, आणि पकडले गेलेच, तर सरकारला कानावर हात ठेवता आले असते. गाळ वाहणारा एक जुना तराफा कलकत्त्याहून हिंदुस्थानला वळसा घालून आला, आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री ही मंडळी ‘एरेनफेल्स’वर चढली. जर्मनांनी आपले जहाज आपणच पेटवून बुडवले. ते पाहून बाकीच्या तीन जहाजांवरच्या खलाशांनीही तेच केले. ‘एरेनफेल्स’चा कप्तान त्या झटापटीत मेला.

त्या यंत्रामुळे खरोखर किती जहाजे बुडाली, याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. चित्रपटाला अशी शंका परवडत नाही. कलकत्त्याचे ते कारकून आणि व्यापारी मात्र आपापल्या मेजावर परत जाऊन बसले. त्यांना पदके मिळाली नाहीत, आणि १९७८ साली या मोहिमेवर पुस्तक निघेपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्या रात्रीची हकिगत बाहेर फुटली नाही.