चिखलाचे ठाण आणि पाण्याची वाट

जालना रस्त्यावरील औद्योगिक वसाहत आणि विमानतळ यांमुळे चिकलठाणा हे नाव आज सर्वपरिचित झाले आहे. अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांच्या दर्शनासाठी विमानाने येणारा यात्रेकरू प्रथम याच भूमीवर पाऊल ठेवतो. मात्र या गावाच्या नावाकडे थांबून पाहणारे थोडेच.

पालिचा अभ्यास करणाऱ्यास हे नाव ऐकताच दोन शब्द आठवतात : ‘चिक्खल्ल’ आणि ‘ठान’. पहिल्याचा अर्थ चिखल, दुसऱ्याचा जागा. आपल्या नित्याच्या बोलण्यातील ‘चिखल’ आणि ‘ठाणे’ हे शब्द याच भाषिक परंपरेतील होत. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुतला म्हणजे ज्या शब्दाने आपण वैतागतो, तोच शब्द विनयपिटकात भिक्खूंच्या तोंडी आहे.

चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात विहाराच्या परिवेणात चिखल होत असल्याचा उल्लेख येतो. ही अडचण भगवंतांच्या कानी घालण्यात आली, तेव्हा त्यांनी तिला क्षुल्लक मानले नाही. प्रथम ‘मरुम्ब’ म्हणजे खडी पसरण्याची अनुज्ञा दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा फरशीचे दगड बसविण्याची. आणि तरीही पाणी साचू लागले, तेव्हा ‘उदकनिद्धमन’ म्हणजे पाणी वाहून जाण्यासाठी मोरी काढण्याची. निर्वाणाचा मार्ग सांगणाऱ्या शास्त्याने सांडपाण्याच्या मोरीचाही विचार केला, ही बाब आमच्या व्याख्यानांतून सहसा सांगितली जात नाही. शुद्धीचा संबंध धम्माने जन्माशी नव्हे, तर आचरणाशी व स्वच्छतेशी जोडला, याचे हे साधे उदाहरण आहे.

या दृष्टीने पाहिल्यास या शहराचा इतिहास त्याच्या दरवाजांपेक्षा त्याच्या पाण्यात अधिक स्पष्ट दिसतो. पश्चिम भारतातील लेण्यांत पावसाचे पाणी साठविण्यासाठी कातळात पोढी खोदल्या गेल्या. पोढीचे दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे कान्हेरीसारख्या ठिकाणच्या शिलालेखांत टिकून आहेत. पुढे इ. स. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी येथे नगर वसविले आणि उत्तरेकडील डोंगरांतील पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी होय. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या एका हबशी माणसाने हे काम उभारले, हे विसरता येत नाही. पाणचक्कीचे जातेही अशाच नहरीच्या पाण्यावर फिरत असे.

परंतु पाणी आणले म्हणजे ते सर्वांचे झाले असे नाही. इ. स. 1934 मध्ये बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी काहींनी तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटविल्याचा गिल्ला झाला. किल्ल्यात प्रवेश मिळाला, तो आत कोठेही पाण्यास स्पर्श न करण्याच्या अटीवर. आणि लक्ष ठेवण्यास सोबत शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. महाडला 1927 साली आडवे आलेले लोक हिंदू होते, येथे आडवे आलेले मुसलमान होते. अस्पृश्यता मात्र एकच होती. बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि त्याचा निष्कर्षही हाच आहे.

या घटनेनंतर अवघ्या सोळा वर्षांनी, 1950 मध्ये, त्याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात महाविद्यालय सुरू केले. त्याला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव त्यांनी दिले. हौदाशी ज्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, त्याने प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव विद्यालयास द्यावे, यात मोठा अर्थ आहे. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे शिकली. नामांतराचा दीर्घ लढा झाला आणि 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले.

आता पुन्हा चिकलठाण्याकडे वळू. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरीचे सोळा शिष्य गोदातीराहून भगवंतांच्या भेटीस निघतात, तेव्हा वाटेतील पहिले नगर ‘पतिट्ठान’ म्हणजेच पैठण येते. त्याच पैठणजवळ 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचे पाणी या शहरास पुरविले जाते. तरीही गेल्या कित्येक वर्षांत अनेक वस्त्यांतील माउल्यांनी नळाच्या पाण्यासाठी दिवसामागून दिवस मोजले आहेत. चिकलठाण्याजवळून वाहणाऱ्या सुखना नदीने तर कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेतले आहे. विनयातील ‘उदकनिद्धमन’ विहाराचे अंगण कोरडे राहावे म्हणून होते. आपले मैले पाणी दुसऱ्याच्या शेतात व विहिरीत जावे म्हणून नव्हते.

शहराचे नाव खडकीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत अनेकदा बदलले. प्रत्येक काळाला विचारावयाचे प्रश्न मात्र तेच आहेत : पाणी कोठून आले, कोणास मिळाले, आणि वापरून झाल्यावर कोणाच्या दारात गेले? लेण्यांकडे जाणाऱ्या उपासकांनी विमानतळाबाहेर पडताना सुखनेकडेही एकवार पाहावे.