शाळा अंगणात आली तेव्हा

मृग जवळ आला की आपल्या घरात दोन गडबडी एकदम सुरू होतात. एक शेताची आणि दुसरी शाळेची. गावातल्या शिक्षिका आणि अंगणवाडीच्या ताई पटाची यादी घेऊन दारोदार फिरायला लागतात. गेल्या वर्षी आमच्या गटाच्या बैठकीत अशीच एक ताई येऊन बसली. म्हणाली, "घरोघर फिरून पाय दुखले, पण पोरं येत नाहीत. आता मीच कंटाळले." तिला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आजची गोष्ट तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्या बाईंसाठी आहे.

आपण रोज 'अंगणवाडी' म्हणतो. हा शब्द आला कुठून?

१९४५ साल. समुद्रकाठचं बोर्डी गाव, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातलं. तिथे ताराबाई मोडक लहान मुलांसाठी काम करायला आल्या. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या जुन्या काळातल्या बी.ए. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ते मानाचं पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात शिरल्या. शहरात त्यांचं नाव झालं होतं. पण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला यातलं काय मिळतं, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता.

त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं पुढचं आयुष्य घराच्या कोपऱ्यात जायचं. अनुताई शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. आधी नाशिक जिल्ह्यात, मग पुण्याला हुजूरपागेत शिकवलं. ती पक्की नोकरी सोडून पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला आल्या. पुढे बी.ए. झाल्या त्याही पन्नाशीनंतर.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. इथे दोघींना म्हणता आलं असतं की या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. पण त्यांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जायचं. त्या वस्तीत गेल्या. तिथल्याच अंगणात मुलांना गोळा केलं. आधी हातपाय धुणं, नखं काढणं, केस विंचरणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी.

साहित्याचंही तसंच. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीची साधनं महाग. खेड्यात ती कोण आणणार? मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती यांचीच साधनं झाली. मोजायला खडा चालतो आणि रंग ओळखायला पानफूल चालतं.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे अडचण वेगळी होती. मोठी मुलगी शाळेत आली तर घरी धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात. काही मुलं गुरांमागे रानात जायची. त्यांच्यासाठी बाई कुरणात गेल्या. ती कुरणशाळा. मूल कुठे अडलंय ते आधी बघायचं आणि शाळा त्याप्रमाणे वळवायची, अशी त्यांची रीत होती.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. अनुताईंनी कोसबाडचं काम १९९२ पर्यंत, शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता पुन्हा आमच्या बैठकीकडे येते. ही गोष्ट मी पुढच्या बैठकीत सांगितली. तेव्हा मागे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, पोरीला शाळेत पाठवायचं आहे हो. पण लावणीला मी गेले की बाळाला कोण बघणार?" त्या ताईच्या यादीत या मुलीपुढे नुसतं 'गैरहजर' लिहिलेलं होतं. खरं कारण त्या दिवशी कळलं. मग गटातल्या दोन आज्यांनी लावणीचे दिवस बाळं सांभाळायचं ठरवलं. ती मुलगी शाळेत आली. दुसरी एक मात्र आली नाही, तिचं कुटुंब कामासाठी बाहेरगावी गेलं होतं. सगळं आपल्या हातात नसतं, पण जेवढं आहे तेवढं तरी करावं.

म्हणून बाईंनो, जूनमध्ये दारात जाल तेव्हा 'का पाठवत नाही?' असं विचारू नका. 'काय अडतंय?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला आई मान खाली घालते, दुसऱ्याला उत्तर देते. सगळं साहित्य मिळेपर्यंत थांबू नका, अंगणातले खडे आजही फुकट आहेत. आणि पहिल्या दिवशी पाचच मुलं आली तर त्या पाचांसाठी वर्ग छान भरवा. उरलेल्यांना बोलावून आणतील ती तीच पाच.

आणि गटातल्या मैत्रिणींनो, बाईंना एकटं फिरू देऊ नका. ताराबाईंच्या सोबत अनुताई होत्या. आपल्या गावच्या बाईसोबत आपल्यातली कोण जाणार, एवढं या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर ठरवा.

येते. नमस्कार.